स्प्लिट फिन : दुभंगलेल्या पात्याचे विज्ञान आणि पेटंट

झिरो माइलचा स्तंभ मिरवणाऱ्या नागपूरपासून कोणताही समुद्र जवळ नाही. तरीही पाणबुड्यांच्या पायांतील एका साधनाची कथा समजून घेण्यास हे शहर अगदीच परके नाही. अंबाझरीचा परिसर असो वा शहराचा अन्य भाग, जलतरण तलावांवर सराव करणाऱ्या मुलांच्या पायांत रबरी फिन्स दिसतात. सुट्ट्यांत मालवण, तारकर्लीला जाऊन स्कुबा डायव्हिंगचा अनुभव घेणाऱ्या वैदर्भीयांनाही हे साधन परिचित झाले आहे. शिवाय, जगभरातील पेटंटविषयक कागदपत्रांचा संग्रह करून त्यांतील माहिती उद्योजकांना व संशोधकांना उपलब्ध व्हावी, या हेतूने केंद्र सरकारने १९७५ साली ‘पेटंट माहिती प्रणाली’ स्थापन केली, ती नागपुरातच. पुढे याच शहरात राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था उभी राहिली.

‘स्प्लिट फिन’ हे पेटंट म्हणजे काय आणि काय नव्हे, हे समजावून सांगणारे एक उत्तम उदाहरण आहे. पाते मधोमध दुभंगलेली ही फिन १९९० च्या दशकाच्या अखेरीस बाजारात आली आणि अल्पावधीतच जगभरच्या पाणबुड्यांमध्ये वादाचा विषय ठरली. एका पक्षाच्या मते ती क्रांती होती, तर दुसऱ्या पक्षाच्या मते निव्वळ जाहिरातबाजी. दोन्ही पक्ष आपापल्या परीने पेटंटचा दाखला देत. पेटंट नावीन्याची साक्ष देते. उपयुक्ततेचा निवाडा मात्र पाण्यातच होतो, हा या साऱ्या प्रकरणाचा मथितार्थ.

पाणी ढकलण्याचे गणित

पोहणे ही मूलतः पाणी मागे ढकलण्याची क्रिया होय. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार पोहणारा जितक्या बलाने पाणी मागे लोटतो, तितक्याच बलाने पाणी त्याला पुढे ढकलते. प्रश्न असतो तो या व्यवहारात किती ऊर्जा वाया जाते, याचा.

एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एखाद्याने दर सेकंदाला १० किलो पाणी सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे लोटले. त्यातून ४० न्यूटन इतके बल मिळते. आता तितक्याच वेळात २० किलो पाणी सेकंदाला २ मीटर वेगाने लोटले, तरी बल ४० न्यूटनच मिळते. परंतु पाण्याला दिलेल्या गतिज ऊर्जेचा हिशेब मांडला, तर पहिल्या प्रकारात ८० वॉट खर्ची पडतात आणि दुसऱ्या प्रकारात केवळ ४०. बल तेच, खर्च निम्मा. ‘थोडे पाणी वेगाने’ लोटण्यापेक्षा ‘पुष्कळ पाणी संथपणे’ लोटणे किफायतशीर, हे सूत्र जहाजाच्या पंख्यापासून देवमाशाच्या शेपटीपर्यंत सर्वत्र लागू पडते.

माणसाचे पाऊल येथेच कमी पडते. ते चालण्यासाठी घडले आहे. त्याचे क्षेत्रफळ लहान आणि आकार पाणी कापण्यास वा लोटण्यास फारसा सोयीचा नाही. पावलाला रुंद पाते जोडले की एकाच फटक्यात अधिक पाणी कवेत येते. इटलीतील संशोधिका पाओला झाम्पारो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याचे मोजमाप आढळते. समान वेगाने पोहताना फिन्समुळे ऊर्जेचा खर्च सुमारे ४० टक्क्यांनी घटला. पाय मारण्याची वारंवारताही सुमारे ४० टक्क्यांनी कमी झाली. पाण्यावर खर्च केलेल्या शक्तीपैकी प्रत्यक्ष पुढे जाण्यास उपयोगी पडणारा वाटा ६१ टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेला. पाण्याखाली या आकड्यांना विशेष अर्थ असतो. तेथे श्रम वाढले की श्वास वाढतो, आणि श्वास वाढला की पाठीवरच्या सिलिंडरमधील हवा लवकर संपते.

फिनचा पूर्वेतिहास

पोहण्यास कृत्रिम पंखांची मदत घेण्याची कल्पना जुनी आहे. अमेरिकेचे मुत्सद्दी व शास्त्रज्ञ बेंजामिन फ्रँकलिन यांनी बालवयात चित्रकाराच्या रंगपाटीसारख्या लाकडी फळ्या हातांत धरून पोहण्याचा प्रयोग केला होता. तळपायांना बांधण्याचे साधनही त्यांनी करून पाहिले. पण ते त्यांना समाधानकारक वाटले नाही.

आधुनिक फिनचे जनकत्व फ्रेंच नौदलातील अधिकारी लुई द कॉर्लियू यांच्याकडे जाते. १९१४ साली त्यांनी आपल्या साधनाचे प्रात्यक्षिक दाखवले, पुढे त्यासाठी नौदलातील नोकरी सोडली आणि १९३३ साली फ्रान्समध्ये पेटंट मिळवण्यासाठी अर्ज केला. ‘पोहण्यासाठी व जीवरक्षणासाठी प्रचालक’ असे त्यांनी या साधनाचे वर्णन केले होते. कल्पनेपासून उत्पादनापर्यंतची त्यांची वाटचाल पाव शतकाची ठरली, आणि उत्पादन सुरू होते न होते तोच दुसऱ्या महायुद्धाने युरोपला ग्रासले.

या कल्पनेला बाजारपेठ मिळवून दिली ती अमेरिकेच्या ओवेन चर्चिल यांनी. १९३२ च्या लॉस एंजलिस ऑलिंपिकमध्ये शिडाच्या नौकांच्या शर्यतीत सुवर्णपदक मिळवणारे चर्चिल ताहिती बेटावर गेले असता, तेथील मुले पायांना पंखासारखी साधने बांधून पोहताना त्यांनी पाहिली. अधिक शोध घेता त्यांना द कॉर्लियू यांच्या पेटंटची माहिती मिळाली. त्यांनी रीतसर परवाना घेतला आणि १९४० मध्ये विक्री सुरू केली. पहिल्या वर्षी अवघ्या ९४६ जोड्या विकल्या गेल्या. मात्र महायुद्धात नौदलाच्या पाणबुड्यांना या साधनाचे महत्त्व पटले आणि मागणी वाढली. १९४३ साली चर्चिल यांना स्वतःच्या सुधारित रचनेसाठी अमेरिकी पेटंट मिळाले.

त्यानंतरचा टप्पा पात्याला छिद्रे पाडण्याचा. फ्रान्सचे जॉर्ज बेउशा यांनी १९६४ साली पात्याच्या मुळाशी झरोके असलेल्या ‘जेट फिन’चे पेटंट घेतले. पाय वर नेताना झरोक्यांतून पाणी निसटून जावे आणि पावलावरचा ताण हलका व्हावा, ही त्यामागील कल्पना. ही जाड, जड रबरी फिन पुढे ‘स्कुबाप्रो’ या कंपनीच्या नावाने जगभर गेली आणि आजही तिचे चाहते कमी नाहीत. येथपर्यंतच्या बहुतेक रचनांत मूळ समजूत मात्र एकच होती : फिन म्हणजे वल्हे, आणि वल्हे जितके रुंद तितके उत्तम.

वल्ह्याऐवजी पंख

सपाट पात्याने पाण्यावर आडवा फटका मारला की काय होते? पात्याच्या एका बाजूस दाब वाढतो, दुसऱ्या बाजूस घटतो. अधिक दाबाचे पाणी कमी दाबाकडे जाण्यासाठी पात्याच्या कडांवरून ओसंडते आणि मागील बाजूस भोवरे निर्माण होतात. या भोवऱ्यांत पोहणाऱ्याची ऊर्जा विरून जाते. फटक्याचा बराच भाग पाण्याला मागे लोटण्याऐवजी वर-खाली ढवळण्यात खर्च होतो. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन असल्याने या ढवळाढवळीचा भार थेट घोट्यावर आणि मांडीच्या स्नायूंवर पडतो. पिंडरीत गोळा येणे हा अनेक नवशिक्या पाणबुड्यांचा अनुभव यातूनच येतो.

अमेरिकी संशोधक पीट मॅकार्थी यांनी या समजुतीलाच छेद दिला. वल्हे पाण्याला आडवे जाऊन रोधाच्या जोरावर चालते. पक्ष्याचा पंख, विमानाचा पंख वा जहाजाचा पंखा प्रवाहाशी लहान कोन करून उत्थापक बलाच्या जोरावर चालतो. विमानाला वर उचलणारे हेच बल योग्य दिशेने वळवता आले, तर ते पोहणाऱ्याला पुढे नेईल, असा त्यांचा विचार होता.

त्यासाठी त्यांनी पाते टोकापासून पावलाच्या दिशेने मधोमध चिरले. अशा रीतीने एका वल्ह्याचे दोन अरुंद पंख झाले. प्रत्येक अर्ध्या भागाची बाहेरची कड ताठ ठेवली आणि आतील, म्हणजे फटीच्या बाजूची कड लवचीक. पाय खाली जाताना बाहेरची ताठ कड पुढे राहते व आतील मऊ कड पाण्याच्या दाबाने मागे रेंगाळते. परिणामी दोन्ही भाग आपापल्या अक्षाभोवती किंचित पिळले जातात आणि प्रवाहाशी तिरपा कोन करतात. पाय वर येताना हीच क्रिया उलट दिशेने घडते. पाणी कडांवरून अस्ताव्यस्त ओसंडण्याऐवजी दोन्ही भागांच्या तिरप्या पृष्ठांवरून मागच्या दिशेने वळावे आणि मधल्या फटीजवळ एकवटून बाहेर पडावे, अशी ही योजना होती. छताच्या दोन उतरणींवरून येणारे पावसाचे पाणी पन्हळीतून एका धारेने वाहते, तसाच काहीसा हा प्रकार.

या रचनेस पाय मारण्याची पद्धतही वेगळी लागते. कमरेपासून रुंद, जोरकस फटके मारण्याऐवजी लहान पल्ल्याच्या, जलद लाथा तिला मानवतात. मासे, देवमासे आणि उडणारे पक्षी यांच्या हालचालींतही असाच मेळ आढळतो. फटक्याचा पल्ला व वारंवारता यांच्या गुणाकारास पुढे जाण्याच्या वेगाने भागले असता येणारी संख्या या साऱ्या प्राण्यांत साधारणतः ०.२ ते ०.४ या मर्यादेत राहते, असे २००३ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने दाखवून दिले. फटका किती मोठा यापेक्षा पल्ला, वारंवारता आणि वेग यांचे प्रमाण किती जुळते, यावर कार्यक्षमता अवलंबून असते, असा याचा अर्थ.

पेटंट आणि परवाने

मॅकार्थी यांचे अमेरिकी पेटंट क्रमांक ५७४६६३१ हे मे १९९८ मध्ये, तर क्रमांक ६०५०८६८ हे एप्रिल २००० मध्ये मंजूर झाले. त्यांतील पहिल्याचा अर्ज १९९६ सालचा होता. ‘उच्च कार्यक्षमतेचे जलपंख व पोहण्याच्या फिन्सच्या रचना’ हा त्यांचा विषय. पेटंटच्या भाषेत नुसती ‘फट’ महत्त्वाची नसते. फट पाडलेली वा टोकाशी दुभंगलेली पाती त्याआधीही सुचवली गेली होती. त्यामुळे दाव्यांचा भर पात्याचे भाग कसे लवतात, कोणत्या अक्षाभोवती पिळले जातात आणि त्यायोगे पाण्याचा प्रवाह कसा वळतो, यावर असावा लागतो. जुन्या ज्ञानापासून आपले वेगळेपण नेमक्या शब्दांत आखून दाखवणे, हेच पेटंट लिहिण्याचे खरे कसब होय.

मॅकार्थी यांच्या ‘नेचर्स विंग’ या कंपनीने फिन्सचा कारखाना काढण्याऐवजी उत्पादकांना परवाने देण्याचा मार्ग पत्करला. जपानच्या ‘अपोलो’ कंपनीची ‘बायो-फिन’, ‘स्कुबाप्रो’ची ‘ट्विन जेट’ आणि ‘अ‍ॅटॉमिक अ‍ॅक्वाटिक्स’ची स्प्लिट फिन ही या परवान्यांखाली आलेली ठळक नावे. एरवी परस्परांशी स्पर्धा करणाऱ्या कंपन्या एकाच संशोधकाला स्वामित्वधन देत होत्या. द कॉर्लियू यांच्या वाट्याला जे फारसे आले नाही, ते मॅकार्थी यांना पेटंटच्या व परवान्यांच्या नेटक्या मांडणीमुळे साधता आले.

अर्थात ही मक्तेदारी कायमची नसते. अर्जापासून २० वर्षांची मुदत धरता त्या मूळ पेटंटचा काळ २०१६ च्या सुमारास संपला. मुदत संपलेल्या पेटंटमधील ज्ञान सर्वांना खुले होते. समाज संशोधकाला मर्यादित काळाचा हक्क देतो आणि मोबदल्यात त्याच्याकडून कल्पनेचा संपूर्ण, सचित्र तपशील घेतो, हाच पेटंट व्यवस्थेतील मूळ करार आहे.

कसोटी काय सांगते?

आता कळीचा प्रश्न : स्प्लिट फिन खरोखरच सरस आहे काय? बाजारात आल्यावर डायव्हिंगविषयक मासिकांच्या वेगचाचण्यांत तिने नाव कमावले आणि पाय थकत नाहीत, अशी अनेक वापरकर्त्यांची ग्वाही मिळाली. प्रयोगशाळेतील उत्तर मात्र इतके उत्साही नव्हते. अमेरिकेतील बफेलो विद्यापीठात डेव्हिड पेंडरगास्ट व सहकाऱ्यांनी निरनिराळ्या फिन्स घालून पोहणाऱ्या पाणबुड्यांचा प्राणवायूचा वापर, वेग आणि बल यांचे मोजमाप केले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात झरोके, पन्हळी वा फटी यांसारख्या वैशिष्ट्यांमुळे कामगिरी सुधारल्याचे दिसून आले नाही.

या दोन निष्कर्षांत वरकरणी विसंगती दिसते. पण ती अनाकलनीय नाही. फिनची कामगिरी एकट्या फटीवर ठरत नाही. पात्याचे क्षेत्रफळ, लांबी, रबराचा वा प्लॅस्टिकचा ताठपणा, पावलाचा कप्पा किती घट्ट बसतो आणि पोहणाऱ्याच्या पायांत किती बळ आहे, या साऱ्यांचा तो एकत्रित परिणाम असतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या फिन्सची तुलना करताना फट वगळता इतर सारे समान ठेवता येत नाही. शिवाय ‘सोपे वाटणे’ आणि ‘कमी ऊर्जा लागणे’ या दोन भिन्न गोष्टी आहेत. मऊ पाते प्रत्येक लाथेला कमी भार देते. पण तेवढेच अंतर कापण्यास जर अधिक लाथा माराव्या लागल्या, तर एकूण हिशेब बरोबरीतच सुटू शकतो.

उपयोगाच्या दृष्टीनेही मर्यादा आहेत. गुहांत वा बुडालेल्या जहाजांत उतरणारे पाणबुडे बेडकासारखी लाथ मारतात, जेणेकरून तळाचा गाळ उसळू नये; प्रसंगी त्यांना मागेही सरकावे लागते. अशा हालचालींना ताठ, सलग पाते अधिक साथ देते, म्हणून त्यांची पसंती बहुधा जुन्या वळणाच्या फिन्सना असते. उलट गुडघे वा घोटे दुखणाऱ्या, संथपणे वर-खाली पाय मारत पोहणाऱ्या हौशी पर्यटकाला स्प्लिट फिन सुखावह वाटू शकते. तलावावरील सरावासाठी सहसा आखूड फिन्स पुरतात. तेथे पायांची लय आणि घोट्याची लवचीकता वाढवणे हा हेतू असतो. जलतरणाच्या अधिकृत स्पर्धांत फिन्सना परवानगी नसते, हेही येथे लक्षात घ्यावयास हवे. खरेदी करताना ‘पेटंटप्राप्त’ या शिक्क्याहून पावलाला नीट बसणारा कप्पा अधिक मोलाचा ठरतो.

नागपूरच्या संशोधकाने काय घ्यावे?

भारतीय पेटंट कायदा, १९७० नुसार एखाद्या आविष्कारास पेटंट मिळण्यासाठी तीन कसोट्या उतराव्या लागतात : तो नवा असावा, त्यात जाणकारालाही सहज न सुचणारे कल्पक पाऊल असावे आणि त्याचा औद्योगिक वापर शक्य असावा. क्षुल्लक अथवा निसर्गनियमांच्या उघड विरोधी दाव्यांना हा कायदा आविष्कार मानत नाही. मात्र ‘बाजारातील इतर सर्व वस्तूंपेक्षा ही वस्तू सरस आहे’ हे सिद्ध करण्याची अट त्यात नाही. म्हणूनच पेटंटचा क्रमांक हे गुणवत्तेचे प्रमाणपत्र ठरत नाही.

विदर्भातील महाविद्यालयांतून, कार्यशाळांतून आणि शेतांतून नव्या कल्पना जन्म घेत असतात. त्यांतील कित्येक आधी प्रदर्शनात वा वर्तमानपत्रात झळकतात आणि पेटंटचा विचार मागाहून येतो. काही अपवाद वगळता अशा पूर्वप्रसिद्धीने नावीन्याचाच दावा निसटतो. त्यासाठी कायद्याने तात्पुरत्या तपशिलासह अर्ज करण्याची सोय ठेवली आहे. त्यानंतर १२ महिन्यांच्या आत संपूर्ण तपशील सादर करता येतो. महाराष्ट्रातील अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाच्या कक्षेत येतात. पेटंटचा हक्क ते देणाऱ्या देशापुरताच असतो, त्यामुळे परदेशातील बाजारपेठ हवी असल्यास तेथे स्वतंत्र प्रक्रिया करावी लागते.

त्याहूनही आधीचे पाऊल म्हणजे जुनी पेटंटे वाचणे. एकेकाळी त्यासाठी नागपुरातील संग्रहाकडे देशभरातून विचारणा होत असे. आज जगातील बहुतेक पेटंट कागदपत्रे संगणकावर विनामूल्य पाहता येतात. द कॉर्लियू यांच्या आकृत्या, चर्चिल यांचे सुधारित पाते आणि मॅकार्थी यांचे दुभंगलेले पंख ओळीने पाहिले, तर प्रत्येकाने आधीच्याची उणीव हेरून तेथेच आपली भर घातल्याचे ध्यानात येते. चर्चिल यांनी ताहितीत पाहिलेल्या साधनामागील पेटंट शोधले, परवाना घेतला आणि मगच स्वतःची सुधारणा नोंदवली. नव्वद वर्षांच्या या वाटचालीत फटीने पाणबुड्याचा वेग किती वाढवला, यावर मतभेद राहतील. परंतु आपल्या आधी कोण कोठवर पोहोचले होते, हे पाहून मगच पाण्यात उतरावे, यावर मतभेद होण्याचे कारण नाही.